अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील १३ ब्रिटिश वसाहतींनी १७६५ ते १७८३ या काळात ब्रिटिश पार्लमेंट आणि राजा तिसरा जॉर्ज यांच्या सत्तेविरुद्ध केलेला राजकीय व लष्करी उठाव. पहिली गोळी १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला सुटली, पण तोवर बऱ्याच ठिकाणचा कारभार राजाच्या गव्हर्नरांच्या हातून निसटला होता. म्हणून हा उठाव समजायचा तर लढायांइतकेच त्याआधीच्या समित्यांकडे आणि नंतरच्या रसदीकडे पाहावे लागते.

सप्तवार्षिक युद्ध (१७५६–६३) ब्रिटनने जिंकले, पण कर्ज जवळपास दुप्पट झाले. अमेरिकेतल्या फौजेचा काही खर्च वसाहतींनी उचलावा, असे लंडनचे म्हणणे होते. १७६४ च्या साखर कायद्याने परदेशी काकवीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सांवरून ३ पेन्सांवर आणली. दर निम्मा होऊनही व्यापारी चिडले, कारण जुनी जकात चुकवता येत होती आणि नवी खरोखर वसूल होणार होती. तिचे खटलेही ज्यूरीविना, नाविक न्यायालयात चालणार होते. पुढच्या वर्षी मुद्रांक कायदा आला. वृत्तपत्रे, करारपत्रे, परवाने, पत्त्यांचे जोड, फासे, सगळ्यांवर सरकारी शिक्का सक्तीचा झाला. तो हाणून पाडण्याची रीत सोपी होती: शिक्के विकणारा माणूसच जागेवर राहू द्यायचा नाही. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हरची प्रतिमा झाडाला टांगली गेली आणि त्याने पद सोडण्याचे कबूल केले. १ नोव्हेंबरला कायदा लागू होईपर्यंत जवळपास सर्वच वसाहतींतले वितरक पायउतार झाले होते. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. मात्र वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला हक्क पार्लमेंटने सोडला नाही.

बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा सर्वांना ठाऊक असतो. तो त्याच रात्री का बुडवला, हे सहसा सांगितले जात नाही. १७७३ च्या कायद्याने अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला आपला चिनी चहा ठरावीक अडत्यांमार्फत थेट वसाहतींत विकण्याची मुभा मिळाली. चहा स्वस्त झाला, पण पौंडभर वजनामागे ३ पेन्सांची जकात राहिली आणि डच चहाची चोरटी आयात करणारे व इतर व्यापारी बाजूला पडले. बंदरात आलेल्या मालाची जकात २० दिवसांत भरली नाही, तर तो जप्त होई. ‘डार्टमाउथ’ जहाजाची ती मुदत १७ डिसेंबरला संपत होती आणि जकात भरल्याशिवाय जहाज परत जाऊ द्यायला गव्हर्नर हचिन्सन तयार नव्हता. म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या. चहा सुमारे ४२ टन भरत होता. उत्तरादाखल सरकारने १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद केले.

सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात १२ वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली (जॉर्जिया नव्हती). तिने केलेला बहिष्काराचा करार हे या उठावाचे खरे यंत्र होते. १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल घ्यायचा नाही. तरीही १ फेब्रुवारीपूर्वी आला, तर मालकापुढे तीन मार्ग: परत पाठवणे, समितीच्या गोदामात ठेवणे किंवा समितीमार्फत विकून मूळ किंमत घेणे. नफा बॉस्टनच्या गरिबांना. त्यानंतर आलेला माल न उघडता परत. लोकर वाढावी म्हणून मेंढ्या कमीत कमी मारायच्या, घोड्यांच्या शर्यती आणि कोंबड्यांच्या झुंजी बंद, सुतकाला काळी फीत पुरे. अंमलबजावणीसाठी प्रत्येक काउंटीत व गावात मतदारांनी समिती निवडायची आणि करार मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापायचे. ब्रिटनमधून येणारी आयात १७७५ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक घसरली. याच समित्या पुढे शस्त्रे गोळा करू लागल्या, नागरी फौज उभारू लागल्या. दबाव अर्थातच सौम्य नव्हता. राजनिष्ठांना डांबर फासून पिसे चिकटवण्याचे प्रकार घडले.

युद्धात पहिली टंचाई बंदुकीच्या दारूची. तिचा मुख्य घटक म्हणजे सोरा. ब्रिटिशांचा सोरा बंगाल-बिहारमधून येई. वसाहतींत तो फारसा बनत नव्हता. ऑगस्ट १७७५ मध्ये अमेरिकन सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनकडे माणशी जेमतेम नऊ बारांची दारू उरली होती. ही उणीव मुख्यतः फ्रान्सने आणि कॅरिबियनमधल्या सिंट युस्टेशियस या डच बेटाने भरून काढली. बंदुकांचाही मेळ नव्हता: ब्रिटिश मस्केटची नळी ०.७५ इंचाची, फ्रेंच शार्लव्हिलची ०.६९, एकीची गोळी दुसरीत नीट बसत नसे. भरतीही अल्पमुदतीची. १७७६ च्या ३१ डिसेंबरला बऱ्याच सैनिकांची मुदत संपत होती, तेव्हा आणखी सहा आठवडे थांबण्यासाठी १० डॉलर द्यावे लागले. फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने नव्या सैनिकांना देवी टोचण्याचा हुकूम दिला. त्या काळी रुग्णाच्या फोडातला पू कातडीखाली घालत. टोचलेला माणूस काही आठवडे कामातून जाई आणि रोग पसरवू शके, म्हणून त्याला वेगळे ठेवणे भाग होते. पैशाचे दुखणे मात्र बरे झालेच नाही. कर बसवण्याचा अधिकार नसलेली काँग्रेस नोटा छापत राहिली आणि १७८० मध्ये तिनेच ४० कागदी डॉलरांना एका चांदीच्या डॉलरचा भाव दिला.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिश सेनापती बर्गॉइनची फौज शरण आली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकनांशी करार केला. आता हे युद्ध जगभर पसरले. पुण्यात नाना फडणिसांकडे आलेल्या सेंट लुबिन या फ्रेंच वकिलामुळे मुंबईकर इंग्रज आधीच धास्तावले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना नामुष्कीचा तह करावा लागला. मराठे, हैदर अली आणि अमेरिका, तिन्हीकडे ब्रिटन एकाच वेळी गुंतले होते.

निर्णय यॉर्कटाउनला लागला. ५ सप्टेंबर १७८१ रोजी फ्रेंच नौसेनापती द ग्रासच्या २४ युद्धनौकांनी १९ ब्रिटिश नौकांना चेसापीक उपसागराच्या तोंडातून परतवले. यॉर्कटाउनमधल्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्राची वाट बंद झाली. ६ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकन व फ्रेंच फौजांनी तटबंदीला समांतर पहिला खंदक खणला, ९ ला तोफा सुरू झाल्या, ११ ला अधिक जवळ दुसरा खंदक. त्याला आडव्या येणाऱ्या दोन मातीच्या गढ्या १४ च्या रात्री घेतल्या. अमेरिकनांच्या बंदुका रिकाम्या होत्या, कारण चुकून सुटलेला बार गुपित फोडता. १६ ला नदी ओलांडून निसटण्याचा बेत वादळाने फसला आणि १९ ला शरणागती झाली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये भारतात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांचा मित्र बनून लढला.

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मान्य झाले व पश्चिम सीमा मिसिसिपी नदीपर्यंत गेली. तिथल्या मूलनिवासींना या तहात कोणी विचारले नाही. दक्षिणेत गुलामगिरी टिकली; इंग्रजांच्या आश्वासनावर मालकांकडून पळालेले हजारो गुलाम त्यांच्यासोबत देश सोडून गेले. सुमारे ६०,००० राजनिष्ठही बाहेर पडले, त्यांतले अनेक नोव्हा स्कॉशियात. त्यांची जप्त मालमत्ता परत करण्याची काँग्रेसची शिफारस राज्यांनी बहुतांशी धुडकावली, ब्रिटिश सावकारांची येणीही रखडली. ते कारण दाखवून ब्रिटिशांनी ग्रेट लेक्सकडचे किल्ले १७९६ पर्यंत सोडले नाहीत.