मुंबई–दिल्ली हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ११४० किमी, म्हणजे साधारण ६१५ सागरी मैल आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावर त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या, केंद्र पृथ्वीच्याच केंद्रावर असलेल्या वर्तुळाच्या) कंसाची लांबी काढली की हा आकडा मिळतो. बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा असा वळसा घेणारा मुंबई सेंट्रल–नवी दिल्ली लोहमार्ग जवळपास १३८५ किमी भरतो.

ताशी ८५० किमी वेगाने हे अंतर ऐंशी मिनिटांत कापले जावे, तरी वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचा काळ दिलेला असतो. या तफावतीला उशीर म्हणणे चुकीचे ठरेल, कारण छापील वेळ चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर ते आपल्या जागी उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल आणि रांगेतील थांबा तिच्यातच येतात. शिवाय चढताना व उतरताना विमानाला पूर्ण वेग गाठता येत नाही. पश्चिमेकडे उड्डाण झाले, तर ते आधी अरबी समुद्रावर जाते आणि मगच उत्तरेकडे वळते. हे जास्तीचे किलोमीटर सरळ अंतरात धरलेले नसतात.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी उतरू पाहणाऱ्या विमानांना नियंत्रकाच्या सूचनेनुसार ठरावीक उंचीवर लांबट घिरट्या घालत थांबावे लागते. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीतले दाट धुके सकाळच्या उड्डाणांचा सारा हिशेब बदलते. प्रवाशाने अंतराच्या आकड्यापेक्षा ऋतू आणि सुटण्याची वेळ पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

वाऱ्याचा परिणाम या मार्गावर बेताचाच होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान उच्चस्तरीय वारा उत्तर-ईशान्येकडे जाणाऱ्या विमानाला बराचसा आडवा लागतो. जाताना त्याची थोडी मदत होते, तर परतताना थोडा विरोध. लांब पल्ल्याच्या प्रवासात मात्र हाच घटक निर्णायक ठरतो. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा मार्ग हजाराहून अधिक किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० किमी झाला, पण पाठीशी पश्चिमी वारे असल्याने प्रवासाचा वेळ कमी झाला.