‘तू तर लहान होतास!’ : ज्यू मुलांच्या साक्षींची पार्श्वभूमी

नाझी आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे १५ लाख ज्यू मुलांचा जीव घेतला. वाचली त्यांतली कित्येक लपून वाचली. कुणी मठात, कुणी शेतकऱ्याच्या माळ्यावर, कुणी खोट्या नावानं परक्या घरात. त्यांच्या आठवणी जपायची कल्पना व्हिडिओ कॅमेऱ्याबरोबर आली असं अनेकांना वाटतं. पण दुसरं महायुद्ध संपलंही नव्हतं तेव्हाच या कामाला हात लागला होता.

ऑगस्ट १९४४ मध्ये, जर्मन फौजा नुकत्याच हटलेल्या पोलंडमधल्या लुब्लिनमध्ये, जिवंत राहिलेल्या ज्यूंनी इतिहास समिती उभी केली. पुढे इतिहासकार फिलिप फ्रीडमन तिचे प्रमुख झाले. समितीनं हजारो साक्षी टिपल्या आणि मुलांना बोलतं कसं करायचं याच्या वेगळ्या सूचनाही काढल्या. स्वतःचं खरं नाव विसरलेल्या, पण कॅथलिक प्रार्थना तोंडपाठ असलेल्या पोरांना बोलतं करणं म्हणजे काही तारखा-गावं लिहून घेणं नव्हतं. त्यातल्या निवडक साक्षी १९४७ मध्ये क्राकोत पुस्तकरूपानं आल्या. पुस्तकाचं नाव होतं ‘मुलं आरोप करतात’. नावातच कोर्टाचा सूर आहे. गुन्हेगारांवर खटले चालू होते आणि मुलांच्या जबान्यांकडे पुरावा म्हणूनही पाहिलं जात होतं.

एवढं होऊनही पुढची तीन-चार दशकं या मुलांना फारसं कुणी विचारलं नाही. ‘तू तर लहान होतास, तुला काय आठवणार? विसर आता’, हे त्यांनी घरच्यांकडूनही ऐकलं. छावणीतून परतलेल्या मोठ्यांपुढे आपलं दुःख बोलायची त्यांना लाजच वाटे. जर्मनीकडे नुकसानभरपाई मागताना ‘तेव्हाचं वय पाहता काही लक्षात राहणं शक्य नाही’ असं म्हणणारे डॉक्टरही भेटत.

या समजुतीला धक्का देणाऱ्यांत हान्स काइलसन हे नाव मोठं. स्वतः नेदरलँड्समध्ये लपून राहिलेल्या या डॉक्टरनं २०० हून अधिक अनाथ ज्यू मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. युद्धानंतर मुलाच्या वाट्याला कसं घर आलं, यावर पुढचं आयुष्य फार अवलंबून होतं. कधी कधी युद्धातल्या हालांहूनही जास्त.

मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला लपवलेल्या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. पन्नाशी-साठीची ही ‘मुलं’ शेकडोंनी आली आणि कित्येक जण पहिल्यांदाच बोलले. पुढे १९९४ मध्ये चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी स्थापन केलेल्या संस्थेनं पन्नास हजारांहून अधिक मुलाखती चित्रित केल्या.

मला मात्र लुब्लिनच्या समितीनं टिपलेल्या साक्षींचे, वॉर्सात जपलेले ते जुने कागद अधिक मोलाचे वाटतात. त्यांतही मोठ्यांची भाषा शिरली आहे, कारण लिहून घेणारा बहुधा मोठाच असायचा. पण सांगणारं मूल तेव्हा मूलच होतं, आणि त्याला अजून कुणी गप्प केलं नव्हतं.