स्त्री एक, कोड सहा: टेक्स्ट व्ह्यूच्या पोटात काय चालतं

मोबाईलवर 'स्त्री' टाइप करा. डोळ्याला एकच जोडाक्षर दिसतं, पण फोनच्या मेमरीत सहा युनिकोड कोड, म्हणजे अक्षरचिन्हांना ठरवून दिलेले क्रमांक, असतात: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. 'कि' मध्ये तर आणखी गंमत, साठवताना क आधी आणि काढताना वेलांटी आधी. म्हणजे कोड वेगळे आणि स्क्रीनवर उमटणारे आकार, ज्यांना ग्लिफ म्हणतात, ते वेगळे. कुठला कोड कुठल्या ग्लिफमध्ये गेला हे एकास एक सांगताच येत नाही.

आयफोनवर 2013 मध्ये आयओएस 7 सोबत टेक्स्टकिट, म्हणजे स्क्रीनवर मजकूर मांडणारी ॲपलची यंत्रणा, आलं, त्यात कामाची वाटणी सरळ आहे. स्टोरेज मजकूर सांभाळतं, कंटेनर जागा ठरवतो आणि लेआउट मॅनेजर मजकूर त्या जागेत ओळीओळीने बसवतो. फोटोभोवती मजकूर वळवायचा असेल तर कंटेनरला एक्सक्लूजन पाथ द्यायचा, की इथे लिहू नकोस बाबा. मी पहिल्यांदा गोल फोटोभोवती हे केलं तेव्हा फोटोच्या वरच्या कडेवर अक्षरं चढलेली, अर्धा दिवस वर्तुळाचं गणित तपासत बसलो आणि गणित बरोबरच होतं! घोळ असा की टेक्स्ट व्ह्यू, म्हणजे ॲपमधली मजकूर दाखवणारी चौकट, वरखाली मुळातच 8 पॉइंटची (पॉइंट हे आयओएसचं स्क्रीनवरचं माप) जागा सोडतो आणि पाथ मोजला जातो कंटेनरच्या कोपऱ्यापासून, त्यामुळे माझं वर्तुळ 8 पॉइंट खाली सरकलेलं. तेवढे वजा केले आणि झालं.

देवनागरीत आणखी दोन ठिकाणी हात पोळतात. ओळीची कमाल उंची घट्ट बांधली की रफार, मात्रा, अनुस्वार वरून कापले जातात, त्यापेक्षा दोन ओळींमधलं अंतर वाढवा. आणि अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, इंग्रजी मथळ्याला शोभणारी ही स्टाइल आपल्याकडे नकोच, मग फोन कुठलाही असो.

2021 मध्ये आलेल्या टेक्स्टकिट 2 ने ग्लिफ मोजायची सोयच काढून टाकली, जे मला तरी पटलं. शिवाय लांबलचक मजकुरात ते स्क्रीनवर दिसणाऱ्या भागापुरतीच मांडणी करतं. आयओएस 16 पासून टेक्स्ट व्ह्यू आपोआप तेच वापरतो, फक्त ॲपच्या जुन्या प्रोग्रामिंग कोडमध्ये कुठे लेआउट मॅनेजरला हात लावलेला असेल तर तो व्ह्यू गुपचूप जुन्या पद्धतीवर जातो. तेव्हा नवीन काही लिहिण्याआधी प्रोजेक्टमध्ये layoutManager हा शब्द एकदा सर्च करून बघा.