पुलावर पंचेचाळीस फूट, मग गल्लीत किती?

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणी नुसतं ‘किती झालं?’ असं विचारलं, तरी समोरचा आयर्विन पुलाची पातळी सांगतो. १९२९ च्या या पुलाजवळ कृष्णेचं पाणी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या, आणि दोनच वर्षांनी पुन्हा ५४ च्या वर.

२०१९ ला घात केला तो २००५ च्या आठवणीने. ‘तेव्हा आपल्या उंबऱ्याला लागलं नव्हतं’ म्हणून कितीतरी घरं हलली नाहीत. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी जुन्या खुणेच्या वर माल रचला. पाणी त्या खुणेपेक्षाही तीन-चार फूट चढलं.

पूररेषांचंही असंच होतं. नकाशावरची निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं घोर नाही. नदी असा हिशेब ठेवत नाही. निळ्या रेषेचा अर्थ, दर पावसाळ्यात ४ टक्के शक्यता. लाल रेषेचा, १ टक्का. नेमकं निळ्या रेषेवर घर घेतलं आणि कर्ज ३० वर्षांचं असलं, तर हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघते. लाल रेषेवरही ती २६ टक्के आहे. शिवाय हे गणित मागच्या नोंदींवर बेतलेलं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे पुढचा पाऊस मागच्यासारखाच पडेल याची हमी नाही.

पुलावरच्या आकड्याची आणखी एक गंमत आहे. कोयना कराडला कृष्णेला मिळते, पण वारणा मिळते ती सांगलीच्या खाली, हरिपूरला. वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. त्यामुळे पुलाखाली तेच ४५ फूट असले, तरी दर सेकंदाला वाहणारं पाणी वेगळं असू शकतं. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी कमी केलं तरी पातळी लगेच का उतरत नाही, त्याचं एक उत्तर इथे आहे. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद मुद्दाम बाजूला ठेवतो, त्याला स्वतंत्र लेख लागेल.)

‘धरण आधीच रिकामं का केलं नाही?’ हा प्रश्न रास्तच आहे. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). एक लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, अख्खा दिवस पाणी सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या आसपास कमी होतं. म्हणजे धो-धो पावसात जागा करायला घेतली की खालच्या गावांत आपणच पूर आणणार. जागा आधीच राखायची, तर पुढे पाऊस दडी मारेल ही भीती. याच जिल्ह्यातलं जत आणि आटपाडी टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याची वाट बघत असतं, हे विसरून चालत नाही.

धरणावर शहराचा ताबा नाही, पण गल्लीवर आहे. पावसाचं पाणी नदीकडे नेणारे ओत आणि नाले सांगलीत होते. कित्येक बुजले, त्यांवर प्लॉट पडले. गरिबाला परवडली ती गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेली, सखल जमीन. ढाका असो की जकार्ता, वाढत्या शहरांत पाण्याच्या वाटेवर बहुधा गरीबच सापडतो. जे नाले उरले, ते नदी चढली की उलटे वाहतात. मग काठ ओलांडायच्या आधीच पाणी मागच्या दाराने वस्तीत येतं. नाल्याच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली तर हे रोखता येतं. आयर्विनला किती फूट झाले की इथे पाणी येणार, ते प्रत्येक गल्लीतल्या विजेच्या खांबावर रंगवायला तर फारसा खर्चही नाही. माझ्या मते हे काम मोठ्या प्रकल्पांच्या आधी व्हायला हवं.

त्याहून निकडीच्या आहेत त्या पुरातही चालूच राहायला हव्यात अशा गोष्टी. जॅकवेल, म्हणजे शहरासाठी नदीचं पाणी उपसायची विहीर, नदीकाठीच असणार, पण तिच्या मोटारी आणि स्विचबोर्ड उंचावर नेता येतात. वीज उपकेंद्राचं आणि रुग्णालयाच्या जनरेटरचंही तेच. तळघरातला जनरेटर ऐन पुरात सर्वांत आधी बुडतो. २०१९ ला पाणी दिवसेंदिवस हटलं नव्हतं, आणि इतके दिवस चहूकडे पाणी असताना प्यायला मात्र मिळत नाही. नदीकाठी संरक्षक भिंत बांधा, ही मागणी अधूनमधून होते. भिंत बांधली तरी आत पडलेला पाऊस आतच तुंबणार. तो बाहेर काढायला पंप लागणार, आणि त्या पंपांना पुरातही वीज मिळायला हवी.