घड्याळात पाणी गेलंय? तांदळात ठेवू नका

(चावीची जुनी क्रोनोग्राफ, म्हणजे बटणांवर चालणारं स्टॉपवॉच असलेली घड्याळं जमवणाऱ्या आणि वडिलांचं घड्याळ सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

काचेला आतून वाफ धरलेलं घड्याळ काउंटरवर आलं की आम्ही आधी विचारतो, “पाणी कधी गेलं?” उत्तर बहुधा ठरलेलं: “झाले आठ-दहा दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं.”

त्या आठ दिवसांतच काम वाढतं. पाठीचं झाकण बंद असताना तांदूळ आतलं पाणी कसं ओढणार? उलट कोंड्याची भुकटी बटणांच्या फटीत जाऊन बसते. पाणी समुद्राचं असेल तर ते सुकलं तरी मीठ आत राहतं, आणि आपल्या हवेत पुन्हा ओल धरतं. क्रोनोग्राफचे लिव्हर, स्प्रिंगा, बारीक स्क्रू सगळे पोलादाचे. बहुतेक मशिनांत ते पाठीच्या झाकणाखालीच, बटणांतून शिरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर असतात. गंज आधी तिथेच धरतो.

म्हणून वाफ दिसली की बटणं दाबू नका, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी रत्नागिरीला आमच्याकडे आणा. देवगड-दापोलीहून येणं जमत नसेल तर गावातल्या कारागिराकडून निदान पाठ उघडून घ्या. आम्हाला त्याचा राग नाही.

“पण तबकडीवर पाण्यात ७० मीटर लिहिलंय!” असंही ऐकतो. आखातातून किंवा बोटीवरून आलेल्या काही जुन्या सीको ६१३९ या जपानी क्रोनोग्राफवर ते असतं खरं. पण ते घड्याळ १९६९ च्या सुमाराचं, आणि आकडा पाणी अडवणाऱ्या तेव्हाच्या नव्या रबराचा. आज ते रबर नखाने तुटतं.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून खर्च विचारू नये, ही विनंती. मशीन उघडल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. काहींना तो आडमुठेपणा वाटतो. पण व्हाल्जू ७२ किंवा लँडेरॉन ४८ या जुन्या स्विस क्रोनोग्राफ मशिनांचे भाग आता नवे बनत नाहीत, दुसरं बंद मशीन शोधून त्यातून काढावे लागतात. त्यात महिने जातात. बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून तुम्हाला परत देतो. तबकडी मात्र रंगवून देत नाही. डागाळलेली मूळ तबकडी जाणकार घेतो, रंगवलेली बाजूला सारतो.

लँडेरॉन ४८ वाल्यांसाठी आणखी एक. वरचं बटण फक्त चालू करतं. थांबवणं आणि काटा शून्यावर आणणं, दोन्ही खालच्या बटणाने. ‘बटण बिघडलं’ म्हणून आलेली अशी घड्याळं आम्ही एक पैसा न घेता परत दिली आहेत.

मिरगाआधी बटणांची, चावीची आणि पाठीची रबरं बदलून घ्यावीत. सर्व्हिसिंगसोबत केल्यास मजुरी वेगळी घेत नाही. मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, एप्रिलमध्ये आणलंत तर घड्याळ लवकर हातात पडेल.