लेझरनं फिकी पडलेली नस अन् काचबिंदूची नस

बाबांची शुगर जुनी, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेझर झालेलं. परवा गावात शिबिर होतं, तिथं डॉक्टर म्हणाले डोळ्याची नस फिकट दिसते, काचबिंदू असू शकतो, तपासून घ्या. झालं, तेव्हापासून बाबांचं एकच, "लेझरनंच माह्या डोयाची नस जाळली, मी तं तवाच नाही म्हनलो होतो."

पण लेझर नसेवर मारतच नाहीत, नसेपासून अंतर सोडून पडद्याच्या कडेकडेनं मारतात, साधारण 1200 ते 1600 ठिपके. दाटलेल्या पराटीची विरळणी करतो ना आपण, उरलेल्या झाडाला खतपाणी पुरावं म्हणून, तसंच समजा. शुगरनं पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, मग कच्च्या नवीन रक्तवाहिन्या फुटतात अन् त्यातून रक्त सांडतं, म्हणून कडेचा पडदा जाळून मागणीच कमी करायची.

आता नस म्हणजे पडद्यातूनच आलेल्या दहाएक लाख धाग्यांची जुडी, तिकडं पडदा जळला की तिथले धागे हळूहळू बारीक होतात आणि जुडी फिकी दिसते. पण तिच्या मधला खड्डा, म्हणजे वाटी, सहसा खोल जात नाही, काठ जाग्यावर असतो. काचबिंदूत उलटं, मार नसेवरच बसतो, काठ झिजतो, वाटी मोठी होत जाते, अन् उरलेला काठ बराच काळ गुलाबीच दिसतो. नुसत्या डोळ्याच्या प्रेशरवर जाऊ नका, ते नॉर्मल, म्हणजे 10 ते 21 मध्ये असलं तरी काचबिंदू असतो.

खरा घोळ फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीत होतो कारण कडेचं दिसणं दोन्हीत कमी होतं, रात्री धुऱ्यावरून येताना ठेचकाळणं लेझरवाल्यांनाही आहेच. फक्त लेझरचं नुकसान बहुतेक तेवढ्यावर थांबतं, काचबिंदूचं औषध नसलं तर वाढत जातं.

आणि लेझर केलं नसतं तर त्याच कच्च्या वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागात वाढून लय वाईट काचबिंदू होऊ शकतो, हे बाबांना कोण सांगणार!

शिबिरात थेंब टाकून बाहुली मोठी केलीच नव्हती, मग कडेचे लेझरचे डाग दिसणार कसे, अन् लेझर झालं हे आम्हीही बोललो नाही. लेझरचा कागद शेवटी सातबाऱ्याच्या पिशवीत सापडला, तो घेऊन मंगळवारी वर्धेला चाललो, प्रेशर, फील्ड अन् नसेचं स्कॅन सगळं एकदमच करून घेतो. अर्थात दोन्ही असू शकतं म्हणा.