पार्श्वभूमी : वीट, कूलर आणि मेंदूतली सर्जनशीलता

विटेचे काय काय उपयोग करता येतील, हा प्रश्न गेली सत्तर वर्षे प्रयोगशाळांत माणसांना विचारला जातो आहे. दोन-तीन मिनिटे द्यायची आणि सुचतील तेवढी उत्तरे लिहून घ्यायची. मेंदूत सर्जनशीलता कशी चालते याबद्दल आज जे सांगितले जाते, त्यातला फार मोठा भाग या विटेवर उभा आहे. म्हणून आधी विटेचीच गोष्ट.

नागपुरात हा प्रश्न विचारला तर पहिल्या पाच उत्तरांत एक हमखास येईल : कूलरखाली लावायला. मार्च सरत आला की स्टँड खिडकीच्या उंचीला आणायला विटा शोधाव्या लागतात, हे इथल्या पोराला शिकवावे लागत नाही. शेतात रोडग्यांचा बेत असला की वांग्याच्या भाजीच्या गंजाखाली तीन विटांची चूल मांडतात, तेही उत्तर येईल. ही उत्तरे मौलिक धरायची की सामान्य? प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना सगळा इतिहास उलगडतो.

संस्कृत काव्यशास्त्राने हजारएक वर्षांपूर्वी प्रतिभेला ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ म्हटले. नव्या-नव्याचे उमलणे हा तिचा गुण सांगितला, तो शरीरात कुठे असतो हे विचारले नाही. 1926 मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने नवे सुचण्याचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरवण, अचानक उजेड पडणे आणि मग पडताळणी. दिवसभर डोके फोडूनही न सुटलेले कोडे अंघोळ करताना सुटते, या अनुभवाला त्यामुळे नाव मिळाले. मेंदूत डोकावायची साधने मात्र तेव्हा जवळजवळ नव्हतीच.

खरे वळण 1950 चे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात एका संशोधकाने हिशेब मांडला : मानसशास्त्रातल्या 1 लाख 21 हजार नोंदी चाळल्या, तर त्यातल्या जेमतेम 186 सर्जनशीलतेशी संबंधित निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक निवडण्याच्या चाचण्यांवर त्याने काम केले होते. बुद्ध्यंकाच्या चाचण्या एकच बरोबर उत्तर मागतात आणि ज्याला दहा उत्तरे सुचतात तो माणूस त्यात दिसतच नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे योग्यच होते. त्याने दोन शब्द रूढ केले : एका उत्तराकडे जाणारा तो अभिसारी विचार, अनेक दिशांना फुटणारा तो अपसारी विचार. विटेची चाचणी दुसऱ्यासाठी होती. उत्तरे किती आली, किती वेगवेगळ्या प्रकारची आली आणि किती दुर्मीळ आली, यावर गुण.

यानंतर जे झाले त्याचा निर्णय कुठल्याही एका बैठकीत झाला नाही, तरी त्याला निर्णयच म्हटले पाहिजे. अपसारी विचार हा सर्जनशीलतेचा एक भाग होता. चाचणी सोपी, स्वस्त, वर्गात पन्नास मुलांना एकदम देता येणारी, त्यामुळे हळूहळू तो भागच संपूर्ण मानला जाऊ लागला. 1953 पासून सर्जनशीलतेची व्याख्या ‘नवे आणि उपयोगी’ अशी दुहेरी दिली जात होती. वीट त्यातले फक्त ‘नवे’ मोजते. सुचलेल्या वीस गोष्टींतल्या अठरा टाकून द्यायच्या, उरलेल्या दोनवर महिनाभर बसायचे, हे काम तिच्या मापात येत नाही. टीकाकारांनी हे लवकरच बोलून दाखवले होते. पण मापन सुरू झाले की मापाची सवय लागते, आणि सवय वादाने सुटत नाही.

दुसरी अडचण दुर्मीळतेची. साधारण नियम असा ठरला की गटातल्या शंभरात पाचांपेक्षा कमी जणांनी दिलेले उत्तर मौलिक. 1966 मध्ये आलेल्या आणि जगभर शाळांत वापरल्या गेलेल्या एका चाचणीसंचात नेहमीच्या उत्तरांच्या याद्याच दिल्या होत्या. यादीत आहे ते शून्य, नाही त्याला गुण. ज्या गावात वाळ्याचे कूलर नाहीत त्या गावच्या यादीत आपले कूलरचे उत्तर असणार नाही, म्हणजे ते मौलिक ठरेल. त्याच मुलाचे एखादे खरोखर अनपेक्षित उत्तर तिकडे नेहमीचे असेल तर त्याला शून्य. अलीकडे गुण संगणक देतो : प्रचंड मजकुरात दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ येतात हे पाहून त्यांच्यातले अंतर काढतो. तो मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी. ‘वीट’ आणि ‘कूलर’ तिथे एकमेकांपासून कोसभर लांब आहेत, नागपूरच्या गच्चीवर एकमेकांना चिकटून. मला हा प्रश्न तांत्रिक दुरुस्तीचा वाटत नाही. नवेपणा मेंदूत असतो तसा गावातही असतो, आणि चाचणीने गाव वगळले.

याच काळात दुसरी एक कल्पना वाढली, तिचा निकाल आता लागला आहे म्हणून थोडक्यात. 1960 च्या दशकात तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूल शस्त्रक्रियेने तोडला गेला. त्यांच्यावरच्या प्रयोगांत डावा अर्ध भाषेत आणि उजवा आकृत्या ओळखण्यात सरस दिसला. या कामाला 1981 चे नोबेल मिळाले. लोकांनी त्यावरून ‘उजवा मेंदू कलावंताचा’ असा अर्थ काढला आणि शिबिरांच्या जाहिरातींत तो अजून चालतो. 2013 मध्ये हजाराहून अधिक मेंदूंची चित्रे तपासली गेली. काही कामे एका बाजूला झुकलेली असतात, पण अख्खा माणूस ‘उजव्या मेंदूचा’ असल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलांच्या पालकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

1990 नंतर जिवंत मेंदूतला रक्तप्रवाह चुंबकीय यंत्राने पाहता येऊ लागला, आणि वीट पुन्हा कामी आली. नागपूरच्या धंतोलीत कुणी एमआरआय काढून घेतला असेल तर त्याला ती नळी आणि तो ठकठकाट आठवत असेल. आत डोके काही मिलिमीटरही हलवून चालत नाही. रक्तप्रवाहातला बदल विचारानंतर चार-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो, म्हणून तोच छोटा प्रयोग पुन:पुन्हा करावा लागतो. कादंबरी तिथे लिहिता येत नाही. ‘वीट : दहा-पंधरा सेकंद विचार करा’ हे मात्र नेमके बसते.

तरीही या मर्यादेतून जे हाती आले ते मोलाचे आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्के. आणि एखादे काम हाती घेतल्यावर हा खर्च 5 टक्क्यांनीही वाढत नाही. मग रिकामा असताना तो करतो काय? 2001 मध्ये या प्रश्नातून एक जाळे पुढे आले : कपाळामागचा मधला भाग, मागच्या बाजूचा मधला पट्टा, कानांच्या वर-मागचे भाग. मन भटकते, आठवणी चाळते, उद्याची चित्रे रंगवते तेव्हा हे जाळे जागे असते आणि लक्ष देऊन काम सुरू केले की मंदावते.

2004 मध्ये तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधण्याची कोडी दिली गेली. मराठीत सांगायचे तर ‘वही, पिंपळ, पंगत’, आणि उत्तर ‘पान’. उत्तर एकदम चमकले तर त्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी उजव्या कानाच्या वर विद्युत लहरींचा झोत दिसला. ‘उजव्या मेंदू’वाल्यांना त्याने पुन्हा बळ मिळाले, पण ती एका प्रकारच्या कोड्यातली एका क्षणाची नोंद होती. 2010 मध्ये 63 शोधनिबंधांतले 72 प्रयोग एकत्र तपासणाऱ्यांना सर्जनशीलतेची एक ठरलेली जागा सापडली नाही.

2008 च्या एका प्रयोगात सहा जाझ पियानोवादकांनी यंत्रात आडवे पडून जागच्या जागी संगीत रचले. पाठ केलेले वाजवताना होती त्यापेक्षा स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या, कपाळामागच्या बाजूच्या भागाची हालचाल कमी झाली आणि मधल्या भागाची वाढली. विदर्भातली खडी गंमत, म्हणजे सवाल-जवाबांचे लोकनाट्य, पाहिलेल्याला हे पटायला वेळ लागत नाही. समोरून सवाल आला की शाहीर जवाब जोडायला थांबत नाही. ढोलकीचा ठेका संपायच्या आत यमक आलेले असते. पण तो पहारा कमी झाला तरी वर्षानुवर्षांची कवने आणि चाली आधी आत साठलेल्या असतात.

2018 मधला अभ्यास मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 163 जणांना यंत्रात वस्तूंचे उपयोग विचारले. ज्यांची उत्तरे सरस ठरली त्यांच्या मेंदूत भटकंतीचे जाळे, लक्ष लावून पारखणारे नियंत्रणाचे जाळे आणि सुचलेल्यातले काय पुढे पाठवायचे हे हेरणारे तिसरे जाळे, अशा तिघांची जोड घट्ट होती. यातली पहिली दोन एरवी आळीपाळीने चालतात : एक वर, तर दुसरे खाली. दोन्ही एकत्र चालवता येणे, म्हणजे सुचू देणे आणि त्याच वेळी पारखणे. 1950 च्या दशकातल्या विटेच्या चाचणीत पारखण्याला गुण नव्हते, आणि तीच वीट हातात देऊन पाहिल्यावर मेंदूत पारखणारे जाळेही कामाला लागलेले दिसले. 2022 मध्ये जागेपणी मेंदूची शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांच्या भटकंतीच्या जाळ्याला सौम्य वीज दिली, तेव्हा त्यांना सुचणाऱ्या उपयोगांची संख्या घसरली, मौलिकता मात्र नाही. जाळ्याचा सहभाग नुसता सोबतीचा नाही, असे त्यातून दिसते.

सेकंदांच्या पलीकडचे मात्र अजून बाहेरच आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मारबतीच्या मोठ्या पुतळ्यामागे निघणारे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, पाहा. कामट्या, कागद, चिंध्या त्याच. वर्षभरात लोकांना सतावणारी एक गोष्ट घ्यायची आणि तिला असा देह द्यायचा की रस्त्यावरच्या माणसाने लांबूनच ओळखावे. नवे हवे, आणि ओळखू येणारेही हवे. हे काम कित्येक दिवस, अनेकांच्या हातांनी चालते. त्याचे माप घ्यायचे तर निदान उत्तरांची यादी इथल्या लोकांकडून करावी लागेल, मराठीत. त्या यादीत कूलरखालच्या विटेला शून्य गुण मिळतील, आणि ते बरोबर असेल.